ज्युपिटरमधील मॅटप्लॉटलिब: मूळ मांडणी बदलण्याची सोय कितपत चांगली?

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कोड आणि त्याचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या पानात, नेमाने आलेख काढणाऱ्याला मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-संचाची मूळ मांडणी फार काळ पुरत नाही. 2017 साली आलेल्या 2.0 आवृत्तीने भडक ‘जेट’ रंगपट्टी बाजूला सारून ‘व्हिरिडिस’ आणली आणि आलेख पुष्कळ देखणे झाले. तरीही अहवालात घालायच्या आलेखाची अक्षरे बारीकच वाटतात आणि दर वेळी तेच आकडे लिहिणे जिवावर येते. ‘आरसीपॅराम्स’ या मूळ मूल्यांच्या यादीत ‘फिगर.फिगसाइझ’ (आलेखाचा आकार), ‘फॉन्ट.साइझ’ (अक्षरांचे माप) आणि ‘ॲक्सेस.ग्रिड’ (मागची जाळी) यांची मूल्ये एकदा दिली, की कर्नल (कोड चालवणारी प्रक्रिया) चालू असेपर्यंत पुढचे सारे आलेख तीच मांडणी घेतात. एखाद्याच आलेखापुरता बदल हवा असेल तर ‘आरसी_कॉन्टेक्स्ट’ आहेच.

सोय चोख आहे. खटकते ती हुकूम सोडणाऱ्यांची गर्दी. मॅटप्लॉटलिबआरसी ही मूळ मूल्यांची फाइल, शैलीची फाइल आणि नोटबुकमधला सेल (कोडचा कप्पा) यांच्या जोडीला आलेख नोटबुकमध्येच दाखवणारा इनलाइन बॅकएंडही असतो. जुन्या आवृत्त्यांत तो 6 बाय 4 इंच आकार आणि 72 डीपीआय (दर इंचाला ठिपके) अशी स्वतःची मूल्ये लादत असे, आणि त्याला बोलावणारी ओळ उशिरा चालली तर आधी दिलेली मूल्ये गुपचूप पुसली जात. आजही तो कडेची मोकळी जागा छाटून चित्र दाखवतो, आलेख फाइलीत जतन करणारे ‘सेव्हफिग’ मात्र सांगितल्याशिवाय छाटत नाही. त्यामुळे पडद्यावर दिसलेला आलेख आणि जतन झालेली फाइल यांचे माप जुळत नाही. माझ्या मते सगळी मूल्ये प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच एका ‘एमपीएलस्टाइल’ म्हणजे शैलीच्या फाइलीत ठेवावीत, म्हणजे सहकाऱ्याच्या संगणकावरही आलेख तसाच उमटतो.

मराठी मथळे देणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. मूळच्या ‘डेजाव्हू सान्स’ टंकात देवनागरी नसल्याने नुसते चौकोन उमटतात. ‘फॉन्ट.फॅमिली’मध्ये ‘नोटो सान्स देवनागरी’ घातल्यावर चौकोन जातात, पण बहुतेक आवृत्त्यांना अक्षरजुळणी येत नसल्याने ‘किमान’ची वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते आणि ‘आर्द्रता’ फुटते. त्यावर मला पटलेला तोडगा असा, की इनलाइन बॅकएंडचे चित्ररूप एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषा आणि मजकूर साठवणारा चित्रप्रकार) करावे आणि ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ हे मूल्य द्यावे. मग मजकूर मजकूर म्हणूनच राहतो आणि जुळणीचे काम ब्राउझर करतो. शब्दांची रुंदी मात्र मॅटप्लॉटलिबनेच मोजलेली असल्याने एकाहून अधिक ओळींचा मथळा मधोमध न बसता किंचित सरकतो.