रात्री दोनचा ओटीपी आणि प्लेराइटचे सात महिने

सुरुवात एका फोनने झाली. इंदूरच्या विजयनगरातली आमची सहा जणांची टीम एका नमकीनवाल्या शेठजींचं घाऊक ऑर्डरींचं पोर्टल सांभाळते, आणि टेस्टिंग माझ्याकडे. रोज रात्री दोनला टेस्ट आपोआप सुरू व्हायच्या आणि प्रत्येक टेस्ट पहिल्यापासून लॉगिन करायची. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर, ठरलेला ओटीपी चालतो, पण एसएमएस मात्र खराखुरा जायचा. आणि त्या टेस्ट खात्याला आमच्यातल्याच कुणीतरी शेठजींचा मोबाइल नंबर जोडून ठेवला होता. ‘बिटिया, रात को दो बजे मेरे नाम से सेव कौन मँगवा रहा है?’ एका रात्रीत ३१ एसएमएस.

नंबर त्याच दिवशी बदलून माझा टाकला. पण ३१ वेळा लॉगिन करायचंच कशाला, म्हणून ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारं सेलेनियम हे टूल सोडून तसल्याच प्लेराइटवर आले, पायथॉनमधूनच. सेलेनियममध्ये कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) घालायची तर आधी त्या साइटवर जावं लागतं, नाहीतर डोमेन जुळत नाही म्हणून एरर. लोकल स्टोरेजसाठी (ब्राउझरमधली साइटची दुसरी साठवण) जावास्क्रिप्टचा तुकडा वेगळा चालवायचा. प्लेराइटचा कॉन्टेक्स्ट म्हणजे इनकॉग्निटोसारखं कोरं सत्र, पान उघडायच्या आधीच त्यात कुकी टाकता येते. आणि ‘स्टोरेज स्टेट’ हा एकच कॉल कॉन्टेक्स्टमधल्या कुकी आणि लोकल स्टोरेज जेसन फाइलमध्ये उतरवतो. एचटीटीपी-ओन्ली कुकीसुद्धा, ज्या पानावरच्या जावास्क्रिप्टला दिसत नाहीत. आमची लॉगिनची कुकी नेमकी तशीच आहे. एकदा लॉगिन करा, फाइल ठेवा, बाकीच्या टेस्ट तिच्यावरून उघडा. पहिल्या आठवड्यात मी खूश.

दुसऱ्या आठवड्यात ऑर्डरच्या फॉर्मने अडवलं. फॉर्म तीन पानांचा. टेस्ट तिसऱ्या पानापासून सुरू केली की पत्ता रिकामा. दीड दिवस मी डेव्हलपरच्या डोक्यावर बसले होते. शेवटी ती जेसन फाइल उघडून वाचली. वर कुकींची यादी, खाली ‘ओरिजिन्स’, त्यात भाषा हिंदी, कार्टमध्ये रतलामी सेव ५ किलोचे ४ डबे. पत्ता कुठेच नाही, कारण तो सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे टॅब बंद झाला की पुसल्या जाणाऱ्या साठवणीत, होता आणि स्टोरेज स्टेट सेशन स्टोरेज घेतच नाही. हे प्लेराइटच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. उपायही तिथेच आहे: सेशन स्टोरेज आपण वाचून वेगळं ठेवायचं आणि पुढच्या वेळी इनिट स्क्रिप्टने, म्हणजे पानाच्या स्वतःच्या कोडआधी चालणाऱ्या तुकड्याने, पान उघडताना भरायचं. ती स्क्रिप्ट आतल्या आयफ्रेममध्येही, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातही, चालते, म्हणून होस्टचं नाव तपासूनच भरा. डेव्हलपरला छप्पन दुकानला नेऊन जॉनी हॉट डॉग खिलवला, तेव्हा मिटलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पोर्टने, म्हणजे पत्त्यामागच्या क्रमांकाने, आणि त्यात टूलचा काही दोष नाही. माझ्या लॅपटॉपवर दुकानदाराचं पोर्टल लोकलहोस्टच्या (लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्याच्या) ३००० पोर्टवर, ॲडमिन ५००० वर. टेस्ट अशी: दुकानदार ऑर्डर टाकतो, ॲडमिन मंजूर करतो. दोन्ही टॅब एकाच कॉन्टेक्स्टमध्ये. ॲडमिनचं लॉगिन झालं की दुकानदार बाहेर. पण गंमत म्हणजे त्याच्या पानावर वर ‘नमस्ते’ आणि दुकानाचं नाव तसंच. ऑर्डरचं बटण दाबलं की मात्र लॉगिनचं पान. नाव लोकल स्टोरेजमध्ये होतं, आणि लोकल स्टोरेज प्रोटोकॉल, होस्ट, पोर्ट या तिन्हींवर वेगळं असतं. कुकीला पोर्टशी देणंघेणं नाही. कुकींचं मानक असलेल्या २०११च्या आरएफसी ६२६५ मध्ये तसं नोंदवलेलंच आहे. दोन्ही ॲप फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर, आणि फ्लास्क आपल्या कुकीला मुळात ‘सेशन’ हेच नाव देतो. म्हणजे ॲडमिन लॉगिन झाला की त्याची कुकी दुकानदाराच्या कुकीवर लिहिली जायची. एका ॲपच्या सेटिंगमध्ये कुकीचं नाव बदललं, शिवाय टेस्टमध्ये दोघांना दोन कॉन्टेक्स्ट दिले. त्या दिवशी रामबागेत घरी पोचले तेव्हा आईने वरणभात दुसऱ्यांदा गरम केला होता.

मुदतीचं प्रकरण मात्र माझ्या आळसाचं. ‘फाइल असेल तर लॉगिन करू नको’ असा कोड मी लिहिला, आणि आमचं सेशन सात दिवसांचं. आठव्या रात्री सगळ्या टेस्ट लाल. एरर ‘लॉगिन संपलं’ असा येत नाही. टेस्ट लॉगिनच्या पानावर उभी राहून ऑर्डरचं बटण शोधत बसते, डिफॉल्ट ३० सेकंद, आणि टाइमआउट. हे प्रत्येक टेस्टला. आता सुरुवातीला एकदा ऑर्डरींचं पान उघडून बघते. लॉगिनकडे ढकललं तर फाइल नव्याने बनते.

फाइलबद्दल थोडं खडसावूनच लिहिते. आमच्या टीमच्या एका मुलाने ती गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडसाठ्यात (रेपोत), पुश केली होती. रेपो खासगी, तरी त्या फाइलमधली कुकी ज्याच्या हाती लागेल तो ओटीपीशिवाय आत. आम्ही सर्व्हरवरची सगळी सेशन पुसली आणि तो फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकला. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

किरकोळ गोष्टी: प्लेराइट १.४३ पासून नाव किंवा डोमेन देऊन एखादीच कुकी पुसता येते, ‘बाकीच्या कुकी राहू दे, लॉगिन जाऊ दे’ अशा टेस्टला फार सोयीचं. १.५१ पासून इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधला डेटाबेस, हाही फाइलमध्ये घेता येतो. गूगलच्या फायरबेस सेवेचं लॉगिन वापरणाऱ्यांना ते लागेल, मला लागलं नाही. कुकी हाताने घालताना सेलेनियममधलं ‘एक्सपायरी’ इथे ‘एक्सपायर्स’ होतं. जुना कोड उचलून टाकाल तर अडाल.

सेलेनियमवर परत जाणार नाही. पण लॉगआउटच्या टेस्टने सर्व्हरवरचं सेशन मरतं आणि तीच फाइल वापरणाऱ्या बाकीच्या टेस्ट मध्येच बाहेर फेकल्या जातात, म्हणून तिला दर रात्री स्वतःचं ताजं लॉगिन द्यावं लागतं. त्यामुळे दोनला एक एसएमएस अजून येतोच, माझ्या फोनवर.