शहर वाढवायचं कुठे: हद्दीबाहेर, हद्दीच्या आत की रेल्वेच्या कडेने?

शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की आपण आधी आपल्या जागेवर आरक्षण पडलंय का ते बघतो. साहजिक आहे. पण त्या नकाशात एक मोठा निर्णय दडलेला असतो. पुढच्या वीस-तीस वर्षांत या शहरात जी माणसं येतील, ती राहणार कुठे आणि पाणी कुठलं पिणार? 'शहर वाढूच नये' हा पर्याय मी इथे धरलेलाच नाही. माणसं पोटासाठी येतात. दार लावून घेतलं तरी ती येतातच, फक्त नळ आणि संडास नसलेल्या जागी राहतात. उरतात तीन वाटा.

पहिली वाट बाहेर पसरण्याची. कडेची शेतजमीन स्वस्त असते, घर मोठं मिळतं, अंगण मिळतं. हे सुख खोटं नाही आणि ते हवंसं वाटणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण हिशोब बघा. 1990 मध्ये अमेरिकेतलं अटलांटा आणि स्पेनमधलं बार्सिलोना या दोन शहरांची लोकसंख्या जवळपास सारखी होती, अनुक्रमे सुमारे 25 लाख आणि 28 लाख. अटलांटाची वस्ती मात्र सुमारे 4,280 चौरस किलोमीटरवर पसरली होती आणि बार्सिलोनाची 162 चौरस किलोमीटरमध्ये मावत होती. म्हणजे तेवढ्याच माणसांसाठी सव्वीस पट जमीन, आणि जलवाहिन्या, गटारं, रस्ते त्याच मानाने लांब. इतक्या विरळ वस्तीत बसला पुरेसे प्रवासी मिळत नाहीत. मग ज्याच्याकडे गाडी नाही तो अडकतो: शाळकरी मूल, म्हातारी माणसं, कमी पगाराचा कामगार. घराच्या किमतीत वाचलेले पैसे रोजच्या प्रवासात जातात.

दुसरी वाट म्हणजे शहराभोवती रेषा आखायची आणि तिच्याबाहेर बांधकामाला मनाई करायची. लंडनच्या हरितपट्ट्याचा कायदा 1938 चा. तिथली शेतं आणि रानं वाचली, हे त्या कायद्याचं मोठं यश. पण आतल्या भागात घरं गरजेच्या वेगाने बांधली गेली नाहीत, किमती चढल्या आणि असंख्य लोक पट्ट्याच्या पलीकडे राहून रोज तो ओलांडत कामावर यायला लागले. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने 1971 मध्ये असाच पट्टा आखला आणि 1989 मध्ये पट्ट्यापलीकडे बुंदांगसारखी नवी शहरं वसवायचं ठरवावं लागलं. रेषेने झाडं राखली, भाडेकरूला मात्र आधार दिला नाही.

मग रेषाच चुकीची का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. या शहराने 1905 मध्ये भोवतालच्या जंगल-कुरणांचा पट्टा राखायचा ठराव केला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई झाली, तेव्हा पालिकेने स्वतः बांधायला घेतलं. 1923 मध्ये घरांवर कर बसवला. आलिशान घराला जबर, कामगाराच्या खोलीला नाममात्र. त्यातून 1934 पर्यंत 60 हजारांहून जास्त घरं उभी राहिली. त्यातली एक इमारत, कार्ल मार्क्स होफ, जरा जवळून बघण्यासारखी आहे. लांबी एक किलोमीटरहून जास्त, 1,382 घरं, पण बांधकाम जागेच्या फक्त 18 टक्क्यांवर. बाकी मोकळी अंगणं आणि झाडं. आत धुलाईघर, स्नानगृहं, बालवाडी, वाचनालय. दाट वस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेचे मनोरे येतात, पण इथे तसा एकही मनोरा नाही. आजही जवळपास निम्मे व्हिएन्नाकर पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. आणि शहराचं पाणी 1873 आणि 1910 मध्ये बांधलेल्या दोन जलवाहिन्यांतून आल्प्सच्या झऱ्यांवरून उताराने येतं. त्या झऱ्यांभोवतालची जंगलंही शहर सांभाळतं. जंगल, पाणी आणि घर यांची जबाबदारी एकाच पालिकेने घेतली, म्हणून तिथली रेषा टिकली.

तिसरी वाट डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनची, 1947 ची. आराखडा पसरलेल्या पंजासारखा: शहर तळहात, उपनगरी रेल्वेच्या कडेने वस्तीची पाच बोटं आणि बोटांमध्ये शेतं-रानं. पुढे नियम झाला की 1,500 चौरस मीटरपेक्षा मोठं कार्यालय स्थानकापासून 600 मीटरच्या आतच हवं. नोकरीच रुळांजवळ आणली की गाडीची गरज कमी होते. मात्र इथे क्रम चुकवून चालत नाही. आधी रेल्वे, मग इमारती. रेल्वे परवडत नसेल तर ब्राझीलमधल्या क्युरितिबा शहराकडे बघा: त्याने 1974 पासून बससाठी वेगळ्या मार्गिका काढल्या आणि उंच इमारती त्यांच्याच कडेला येऊ दिल्या.

तिन्ही वाटांना पाण्याची मर्यादा सारखीच आहे. 2018 च्या फेब्रुवारीत केपटाउनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली. लोक शॉवरखाली बादली ठेवायचे आणि अंघोळीचं पाणी संडासात ओतायचे. सार्वजनिक नळावर जगणाऱ्या वस्त्या त्याआधीही याहून कमी पाण्यात दिवस काढत होत्या. टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते.

तेव्हा निवड अशी करा. कडेची जंगलं किंवा तलाव शहराला पाणी देत असतील तर रेषा हवीच, पण घरबांधणीच्या कार्यक्रमासकट. रेल्वे आधीच असेल किंवा बसमार्गिका लवकर होणार असेल तर बोटं जास्त सोयीची, कारण वाढीला मोकळीक राहते. नुसतं पसरणं मी कुठल्याच शहराला सुचवणार नाही.

आराखड्यावर हरकत लिहायला बसलात की एक तक्ता शोधा: कोणत्या वर्षापर्यंत किती घरं, कुठल्या उत्पन्नाच्या माणसाला परवडणारी, आणि त्यांना लागणारं पाणी कुठून येणार. तो नसेल तर पहिली हरकत तीच.