सेप्राफिल्म: काम चोख, नखरे फार

मी ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब नर्स आहे, म्हणजे सर्जनच्या हातात सामान देणारी, इकडे न्यू जर्सीत, आणि नात्यातल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतच असतो की ताई सिझर आहे, आतून चिकटू नये म्हणून ते हायलुरॉनवालं काहीतरी ठेवतात ना, सांगू का डॉक्टरांना. ते काहीतरी म्हणजे सेप्राफिल्म, हायलुरॉन वापरून केलेली पातळ फिल्म, ऑपरेशन संपताना पोटात ठेवतात ती. तेच तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते.

आधी हे बघा की हायलुरॉन हा बुळबुळीत पदार्थ आपल्या अंगात असतोच, ७० किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून नवं तयार होतं. आतड्यांवरच्या नाजूक अस्तराच्या पेशीही ते बनवतात, ओशटपणा राहतो, आतडी एकमेकांवर घसरत राहतात. ऑपरेशनमध्ये हात लागतात, गॉझ घासतं, अस्तर सुकतं नि खरवडलं जातं, मग तिथून पाझर सुटतो, फायब्रिन (रक्त गोठताना होतं ते चिकट जाळं) जमतं आणि शेजारशेजारचे दोन सोललेले भाग चिकटतात. एरवी शरीर हे फायब्रिन विरघळवतं पण नेमकी ऑपरेशननंतर ती ताकद कमी पडते, आणि राहिलेल्या फायब्रिनमध्ये कोलॅजेन भरलं, रक्तवाहिन्या शिरल्या की झाली कायमची पट्टी. अस्तर भरून यायला आठवडाभर लागतो, तेवढे दिवस मध्ये आडोसा हवा, एवढंच या फिल्मचं काम. दिवस-दोन दिवसांत तिची जेली होते, आठवडाभर टिकते, २८ दिवसांत शरीराबाहेर.

आता नखरे. फिल्म म्हणजे उडदाचा पापडच, कोरडी असली की कडेला मोडते, ओला ग्लोव्ह लागला की बोटाला चिकटून बसते आणि आत जिथे टेकली तिथेच टेकली, परत उचलून सरकवणं विसरा. म्हणून ती कागदाच्या होल्डरमध्येच ठेवायची, कड जराशी बाहेर काढायची, ग्लोव्ह कोरडे, जागा पुसलेली, आणि मगच सर्जनच्या हातात.

गुण किती? १९९६ च्या चाचणीत मोठं आतडं काढलेल्या पेशंटांची दुसऱ्या ऑपरेशनला तपासणी केली तर फिल्मवाल्यांपैकी ५१ टक्के पोटावरच्या मधल्या चिऱ्याला आतून अजिबात चिकटलेले नव्हते, बाकीच्यांत फक्त ६ टक्के. पण पुढच्या मोठ्या चाचणीत आतडं अडकण्याचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, फक्त चिकटल्यामुळे अडकून परत ऑपरेशन करावं लागण्याचं ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे जिथे ठेवली तिथेच उपयोग, पोटभर जादू नाही. आतडं जिथे जोडलंय त्या टाक्यांभोवती मात्र गुंडाळायची नाही हं, तिथे गळती जास्त दिसलीय.

आणि सिझरचं म्हणाल तर पहिल्या वेळी फिल्म ठेवून दुसऱ्या सिझरला पाहिलं त्या चाचणीत फरक दिसला नाही, तेव्हा हट्ट धरू नका. हायलुरॉनचं फेस सीरम पोटावरच्या व्रणावर चोळून आतलं चिकटणं थांबेल असं कुणी सांगत असेल तर पैसे वाचवा, ते आत पोचतच नाही.

मोठ्या उघड्या ऑपरेशनला माझ्याकडून पाचपैकी चार, सिझरला दीड.