ग्रेडरला उपग्रह जोडावा की मुकादमाला शिकवावं?

"पैसे एकदाच घालणार आहे, दादा. ग्रेडरला जीपीएस लावून घेऊ की पोरांना ट्रेनिंग देऊ?"

डिचोलीचा माझा मावसभाऊ. महामार्गाच्या रुंदीकरणातलं एक छोटं सबकॉन्ट्रॅक्ट त्याला मिळालंय. थोडं कटिंग, थोडा भराव, वर खडीचे थर, आणि हे सगळं शेजारून वाहनं धावत असताना. ग्रेडर म्हणजे लांब पात्यानं माती-खडी खरवडून पातळी सारखी करणारं मशीन. पाऊस पडतोय, मशिनं ताडपत्रीखाली आहेत, म्हणजे विचार करायला हेच दिवस. मी वीसेक वर्षं रस्त्यांच्या कामावर आहे, म्हणून विचारणा माझ्याकडे आली. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले आणखी चारजण मला ठाऊक आहेत.

आधी आपलं कॅलेंडर बघा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मातीकाम म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. त्यात परतीचा पाऊस, चतुर्थी-दिवाळीला गावी गेलेली माणसं उशिरा येणं, मार्चमधला शिगमो. आपल्याकडे 'कार्यक्षमता' म्हणजे काय, तर हातात उरलेले दिवस. आणि घाईचे दिवस तेच अपघाताचे दिवस, त्यामुळे दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडावे लागतात.

ग्रेडरवरचं यंत्र

जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सर्व्हेअर ठरावीक अंतरावर खुंट्या मारतो, दोरी ताणतो, आणि हेल्पर पात्याच्या आजूबाजूला चालत ऑपरेटरला हातानं खुणावतो, 'अजून दोन सूत खाली'. नव्या पद्धतीत मशिनवर रिसीव्हर, साइटवर बेस स्टेशन, कॅबमध्ये स्क्रीन. रस्त्याचं डिझाइन आधीच त्यात भरलेलं असतं आणि पातं त्याप्रमाणे आपोआप वर-खाली होतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं लखनऊ-कानपूर द्रुतगती मार्गाच्या ६३ किलोमीटरवर असे ग्रेडर, असेच रोलर आणि दोरीशिवाय चालणारे पेवर (रस्त्याचा थर अंथरणारी मशिनं) प्रायोगिक म्हणून घेतले. म्हणजे वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतंय.

फायदा खरा आहे, आणि तो फक्त वेगाचा नाही. पात्याजवळ चालणारा तो हेल्परच लागत नाही. जो माणूस मशिनच्या आसपास नाही, त्याला मशीन चिरडू शकत नाही. सुरक्षेची इतकी सरळ हमी दुसरी कुठली नाही.

पण गोव्यात तीन ठिकाणी अडतं. पहिलं, उपग्रहाला मोकळं आकाश लागतं. लखनऊ-कानपूरला ते दिगंतापर्यंत आहे. आपल्याकडे एका बाजूला जांभ्याचा कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला काजू-आंब्याची दाटी. तिथे सिग्नल तुटतो आणि ऑपरेटर पुन्हा दोरीवर येतो. दुसरं, उपग्रहावरची उंची साधारण दोन सेंटीमीटरनं इकडेतिकडे होते. सबग्रेडला, म्हणजे खडीखालच्या मातीच्या थराला, ते चालून जातं, कारण मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये सबग्रेडच्या पातळीला वर २० आणि खाली २५ मिलिमीटरची सूट आहे. वरच्या डांबरी थरांत मात्र सूट मोजक्या मिलिमीटरची, तिथे टोटल स्टेशनची (जमिनीवरून पातळी मोजणाऱ्या उपकरणाची) जोड लागते आणि खर्च आणखी चढतो. तिसरं अडतं ते कागदावर. छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरला मुख्य ठेकेदाराकडून बहुतेक वेळा ड्रॉइंगची पीडीएफ मिळते. तिच्यावरून मशिनला कळेल असं त्रिमितीय मॉडेल कोण करणार? ते करणारा माणूस नसेल तर महागड्या स्क्रीनवर फक्त तारीख-वेळ दिसते.

म्हणून माझं मत असं: विकत नको, भाड्यानं घ्या, आणि तेही मोकळ्या भरावाच्या सलग पट्ट्यापुरतं.

स्मार्ट रोलरबद्दल थोडक्यात. ड्रमवरचा सेन्सर जमिनीचा कडकपणा वाचतो आणि कुठे किती फेऱ्या झाल्या ते रंगांत दाखवतो. सबग्रेडला ९७ टक्के घनता मिळवायची तर कुठे रोलर कमी फिरलाय हे तिथल्या तिथे कळणं मोलाचं आहे. मात्र कडकपणा म्हणजे घनता नव्हे. वाळू-बदलाची चाचणी (खड्डा खणून त्यात वाळू भरून घनता काढायची) करून सेन्सर आधी त्या मातीशी जुळवून घ्यावा लागतो. जांभ्याची माती तर पाण्याच्या थोड्या फरकानं वागणूक बदलते. चाचणीचा खड्डा नीट खणणारा माणूस नसेल तर रंगीत नकाशा फसवतो.

ट्रेनिंग, पण कुणाला?

इथे माझं बऱ्याच लोकांशी जमत नाही. 'माणसांत पैसा घाला' हे ऐकायला बरं वाटतं. वस्तुस्थिती अशी की साइटवरची पोरं झारखंड, ओडिशा, बिहार, उत्तर कर्नाटकातून येतात, एक हंगाम करतात, पुढच्या ऑक्टोबरला त्यातली निम्मी दुसऱ्याच कुणाच्या कामावर दिसतात. मशीन तुमच्याकडे राहतं, शिकलेला माणूस रेल्वेत बसतो. या हिशेबानं यंत्राचं पारडं जड दिसतं.

पण मुकादम जात नाही. तोच ती पोरं आणतो, त्यांची भाषा बोलतो, कुणाला फ्लॅगमन (झेंडा दाखवून वाहनं थांबवणारा) करायचं आणि कुणाला घमेल्यावर ठेवायचं हे तो ठरवतो. मराठीत किंवा इंग्रजीत छापलेला सेफ्टीचा फलक ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत एकच फलक पोहोचतो, तो म्हणजे मुकादमाचा आवाज. त्यामुळे ट्रेनिंगचा पैसा आधी त्याच्यावर, मग ऑपरेटरवर आणि टिपरच्या ड्रायव्हरांवर. इतरांना रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटं, आणि तीही मुकादमानंच घ्यायची.

ऑपरेटरसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे जेसीबी-पोकलेनचे अभ्यासक्रम आहेत. ज्यांना काम येतं पण कागद नाही त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. सिम्युलेटर नवशिक्याला उत्तम. दहा वर्षं पोकलेन चालवलेल्याला त्यावर बसवाल तर तो हसेल. नोएडाची महामार्ग अभियंत्यांची अकादमी चांगली आहे, पण ती इंजिनिअरांसाठी. भावाला म्हटलं, तू तिकडे बघू नकोस.

फ्लॅगमन विरुद्ध सिग्नल

एकेरी सोडलेल्या रस्त्यावर दोन्ही टोकांना हलवता येणारे सिग्नल ठेवायचे की माणसं? सिग्नलला झोप येत नाही, तो लघवीला जात नाही, आणि कुणी धडकलं तर फक्त डबा मोडतो. पण मधल्या पट्ट्यात बंद पडलेला टिपर त्याला दिसत नाही. आणि काम सुरू असलेल्या रस्त्यावर माणूस उभा नसेल तर लाल दिवा मनावर घेणारे आपल्याकडे किती, हे कोलवाळ ते पर्वरी रोज येणाऱ्यांना विचारा. रात्री सिग्नल, दिवसा वॉकीटॉकीवाली दोन माणसं, ही जोडी मला पटते.

मात्र माणूस उभा कुठे आहे त्यावर सगळं आहे. ताशी ८० किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला थांबायला आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) हिशेबानं १२० मीटर लागतात. आपला फ्लॅगमन बॅरिकेडला टेकून उभा असतो. म्हणजे ड्रायव्हरला तो आणि खड्डा एकदमच दिसतात. त्यात भाड्याची गाडी घेतलेले पर्यटक, रस्ता नवा, नजर मोबाइलच्या नकाशावर, आणि नकाशाला कालचं डायव्हर्जन ठाऊक नाही. आयआरसी:एसपी:५५ या, काम चालू असलेल्या रस्त्यावरच्या वाहतुकीच्या पुस्तिकेत आगाऊ सूचनेचा पट्टा, हळूहळू अरुंद होणारा पट्टा, कामाचा पट्टा आणि शेवट असे चार भाग दिलेत. मुकादमाला हे पुस्तकातून सांगू नका. त्याला घेऊन रस्त्यावर १२० मीटर चाला, पावलं मोजायला लावा आणि तिथे चुन्याची खूण करा. ट्रेनिंगला लागणारा वेळ वीस मिनिटं, खर्च चुन्याचा.

टिपरची सावली

मागे येणाऱ्या टिपरखाली माणूस सापडणं हा आपल्या कामातला नेहमीचा घात. कॅमेरा आणि मागचा सेन्सर यांचा जोड टिपरच्या एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडतो, त्यामुळे यावर वाद नको. लावा. त्याच्याबरोबर मागे उभा राहून खुणावणारा एक ठरलेला माणूस ठेवा. ठरलेला म्हणजे एकच, कारण तिघं एकदम 'आने दो, आने दो' ओरडतात तेव्हा ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही.

पण एक गोष्ट या दोन्हींतून निसटते. एका साइटवर, मे महिना, दुपारचे दोन. रस्त्यासाठी सगळी झाडं तोडलेली, शंभर मीटरपर्यंत सावली म्हणून नाही. जेवण झालं आणि एक पोरगा उभ्या टिपरच्या मागच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये गमछा अंथरून झोपला. ड्रायव्हर आला, कॅमेऱ्यात बघितलं, मागे मोकळं. स्टार्टर मारला. त्या आवाजानं पोरगा जागा झाला आणि गुडघ्यांवर रांगत बाहेर आला, गमछा चाकाखाली गेला. ड्रायव्हर खाली उतरून बराच वेळ तो गमछा हातात धरून उभा होता. कॅमेरा चालू होता, दोघांनाही सेफ्टीची माहिती दिलेली होती. नव्हती ती सावली. दुसऱ्या दिवशी चार वासे आणि नारळाच्या चुडतांचा मांडव घातला, एक पाण्याचं पिंप ठेवलं. पुढे कुणी टिपरखाली गेलं नाही. तंत्रज्ञान की ट्रेनिंग असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, मांडव आहे का?

डांबर आणि खणणं

हॉटमिक्सच्या (गरम डांबर-खडीच्या मिश्रणाच्या) बाबतीत छोटं यंत्र आणि शिकलेला माणूस एकमेकांशिवाय निरुपयोगी. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना किमान १४० अंश आणि रोलिंग संपेपर्यंत ९० अंशांच्या वर हवा. प्लांट लांब, वाटेत वाहतुकीची कोंडी, ताडपत्री फाटकी. टिपर येईपर्यंत वरचा थर थंड. तापमानाची पिस्तूल स्वस्त मिळते, पण ती फक्त पृष्ठभाग वाचते. आत खुपसायचा थर्मामीटरही लागतो. आणि त्याहून महत्त्वाचं, 'हा माल परत' म्हणायचा अधिकार साइटवरच्या कुणाला तरी दिलेला हवा. तो नसेल तर पिस्तूल म्हणजे खेळणं. दुसरं, पोरांना एक गोष्ट घोकून घ्या: गरम डांबर अंगावर पडलं तर लगेच भरपूर थंड पाणी, आणि चिकटलेलं डांबर ओढून काढायचं नाही, कातडी बरोबर येते. पेवरजवळ पाण्याचं पिंप हवं ते यासाठीही.

खणण्याआधी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप वापरा. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये आणलं, फुकट आहे, खणणाऱ्याची माहिती केबल-पाइपवाल्या संस्थांपर्यंत पोहोचवतं. पण आपल्याकडे काही जुन्या पाइपलाइनी फक्त गावातल्या जुन्या प्लंबरच्या डोक्यात आहेत. ॲपवर नोंद करा, मग त्याला चहाला बोलवा, मग हातानं चाचणीचा खड्डा घ्या, आणि नंतरच जेसीबीचा दात लावा. वर बघायलाही शिकवा. टिपरचा हौदा उचललेला आणि वरून वीजवाहिनी, हा प्रकार कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही.

कटिंगचा कडा मालपेच्या बाजूला कसा कोसळतो ते पेडण्याच्या माणसाला सांगायला नको. ड्रोननं दर आठवड्याला कड्याचे फोटो घ्या, छान. पण कड्याच्या माथ्यावर केसाएवढी भेग पडली की माणसं खालून हलवायची, हे मुकादमाला कळलं पाहिजे. ड्रोनवाला येतो शनिवारी, भेग पडते मंगळवारी.

भावानं शेवटी काय ठरवलं? ग्रेडरचं यंत्र विकत नाही. भरावाच्या मोकळ्या पट्ट्यासाठी वीस दिवस भाड्यानं, मॉडेल करून देणाऱ्यासकट. कॅमेरे सगळ्या टिपरांना. दोन थर्मामीटर. मांडवाचे वासे आत्ताच आणून ठेवलेत. आणि सप्टेंबरात मुकादम आणि दोघे ऑपरेटर ट्रेनिंगला. मुकादमाला हे सांगायला गेलो तेव्हा त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "उन दिनों की हाजिरी लगेगी क्या?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लगेगी."