बिटलॉकरची किल्ली विकत मिळत नाही: माझा अनुभव

डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी खजिनदार आहे आणि संस्थेचे सहा वर्षांचे हिशेब माझ्या घरच्या लॅपटॉपवर आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यायची असल्यामुळे अहवाल छापायला देण्याची माझी घाई चालली होती. रात्री लॅपटॉपने स्वतःहून अपडेट घेतला आणि सकाळी सुरू केला तेव्हा निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, 48 आकड्यांची ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडायची किल्ली) मागणारी चौकट आली. दोनदा बंद करून पाहिला, तरी तीच चौकट.

मी मोबाइलवर मदत क्रमांक शोधला आणि जो सर्वांत वर दिसला त्यावर फोन लावला. विंडोजच्या ग्राहक सेवेतून बोलत असल्याचे सांगणाऱ्या गृहस्थांनी अतिशय नम्रपणे पडद्याचा फोटो मागवला, त्यावरचा ‘की आयडी’ (कोणती किल्ली हवी हे ओळखण्याची खूण) मला वाचून दाखवला आणि तुमची डिस्क हॅकर्सनी कुलूपबंद केली आहे, चोवीस तासांत किल्ली घातली नाही तर सगळा डेटा पुसला जाईल, असे सांगितले. सहा वर्षांच्या पावत्या, सभासदांची थकबाकी, सिंकिंग फंडाच्या नोंदी डोळ्यांसमोर आल्या आणि माझे हातपाय गळाले. त्या भीतीपोटी मी त्यांच्या सांगण्यावरून मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप उतरवले, नोंदणीचे दहा रुपये भरण्यासाठी त्यांनी पाठवलेल्या लिंकवर डेबिट कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे लिहिले, आणि त्यानंतर किल्लीचे शुल्क म्हणून 4,999 रुपयेही भरले.

त्यांनी 48 आकडे सावकाश सांगितले आणि मी हिशेबवहीच्या मागच्या पानावर सहा-सहांचे आठ गट करून ते उतरवून घेतले. लॅपटॉपने ते स्वीकारले नाहीत. ‘सर्व्हरवर तपासतो, फोन ठेवू नका’ असे म्हणून त्यांनी मला वीस मिनिटे बोलण्यात गुंतवून ठेवले, आणि तेवढ्या वेळात माझ्या पडद्यावर येणारे ओटीपी वाचून खात्यातून आधी 18,500 आणि मग 17,500 रुपये काढले. बँकेचे संदेश मी पाहिले ते फोन कट झाल्यावर.

संध्याकाळी मुलीला बंगळूरला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, लॅपटॉप मी सुरू करून दिला होता ना, मग किल्ली माझ्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असणार.” तिने खात्यातले रिकव्हरी कीचे पान उघडले, की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवली आणि आकडे सांगितले. पाच मिनिटांत लॅपटॉप सुरू झाला, एक पैसाही न देता.

लॅपटॉप मुळात बिघडलाच नव्हता. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कवरची माहिती कुलूपबंद असते आणि ते कुलूप उघडण्याची सोय आतल्या टीपीएम नावाच्या चिपकडे असते. बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) बदलला की चिपला यंत्र ओळखीचे वाटत नाही आणि मग मालकाकडे किल्ली मागितली जाते. माझ्या बाबतीत रात्रीच्या अपडेटमध्ये बायोसच बदलला होता. हरवलेली किल्ली पुरवणे किंवा नव्याने बनवणे मायक्रोसॉफ्टच्या मदत विभागालाही शक्य नसते, हे त्यांनीच स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे फोनवर किल्ली विकायला निघालेला माणूस कंपनीचे नाव घेऊन बोलत असला तरी खोटे बोलत असतो. नुसत्या की आयडीवरून किल्ली काढता येत नाही. किल्ली पहिल्यांदा लॅपटॉप ज्यांच्या खात्याने सुरू झाला त्यांच्याकडे, कार्यालयाचा संगणक असल्यास तिथल्या आयटी विभागाकडे, किंवा कधीतरी छापून ठेवलेल्या कागदावर सापडते.

मुलीकडून आणखी एक गोष्ट कळली. खऱ्या किल्लीतल्या सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो. वहीच्या मागच्या पानावरचे आठही गट मी भागून पाहिले. एकालाही भाग गेला नाही. दहावीतल्या मुलाला जमेल असा तो भागाकार मी त्या माणसाशी बोलत असतानाच केला असता तर निदान पुढचे 36,000 वाचले असते, ही रुखरुख अजून जात नाही.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर मी तक्रार केली ती रात्री नऊला, म्हणजे दहा तास उशिरा. तोपर्यंत बरीचशी रक्कम पुढच्या खात्यांतून निघून गेली होती. बँकेने कार्ड बंद केले, पण कार्डाचा तपशील मी स्वतः दिलेला असल्यामुळे कळवण्यापूर्वीचे नुकसान माझेच राहील, असे सांगितले. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियमही तसाच होता. पैसे गेल्याचे दिसताच आधी 1930 आणि बँक यांना फोन करा, घरच्यांना सांगायची लाज नंतर बाळगता येते. माझे 11,200 रुपये एका खात्यात गोठवून ठेवले आहेत आणि ते सोडवण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत आहे.