लग्नाच्या डीव्हीडीची प्रत: एकथरी की दुथरी (डीएल)?

कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं असलं तरी संगणक ४.३७च दाखवतो, कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ने. दुथरी डीएलही ८.५ची ७.९५ होते.

लग्नाची मूळ डिस्क साडेसहा जीबीची असेल, तर एकथरीवर चित्र जवळपास दोन तृतीयांशावर दाबावं लागतं. मग नेमके अक्षता उडताना आणि वरातीच्या रोषणाईत चौकोन उमटतात, कारण हलत्या बारीक तपशिलालाच जास्त डेटा लागतो. त्यापेक्षा विधी एका डिस्कवर आणि रिसेप्शन दुसरीवर टाका. दर्जा जराही घसरत नाही. फक्त मध्येच उठून डिस्क बदलायची, एवढंच.

डीएलवर दाबादाबी नाही, पण ती महाग आणि लहरी. बर्न निम्म्यावर फसलं तर बहुधा थर बदलताना. तो बदल सेलच्या, म्हणजे डिस्कवरच्या व्हिडिओच्या छोट्या तुकड्याच्या, सुरुवातीलाच ठेवा. पहिला थर दुसऱ्याहून लहान चालत नाही. वेग ४एक्स पुरे. जुना प्लेअर डिस्क ओळखत नसेल, तर डीव्हीडी प्लस आर डीएल घेऊन बर्न करण्याआधी बुकटाइप (प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करा, अर्थात बर्नरमध्ये ती सोय असेल तर. घरात जुनाच प्लेअर असेल, तर दोन एकथरी डिस्क बऱ्या.