‘15 दिवसांत फुलं’ म्हणणारं बियांचं पाकीट

फुलांच्या बिया ऑनलाइन मागवणारे बहुतेक एकाच पद्धतीने फसतात. चित्रात झिनियाचे भले मोठे गेंद, वर ‘15 दिवसांत फुलं’ आणि पाकिटात चिठ्ठी: ‘उगवायला तीन आठवडे लागतात, धीर धरा.’ परत करायची मुदत मात्र बहुधा आठवडा-दहा दिवसांची. रोज पाणी घालत वाट बघण्यात ती निघून जाते. मग तक्रार केली की ठरलेली उत्तरं येतात: पाणी जास्त झालं, ऊन कमी पडलं, माती चिकट असेल.

दोन्ही आकडे खोटे आहेत. 22 ते 27 अंशांत ताजं झिनिया, झेंडू किंवा कॉसमॉसचं बी साधारण चार ते आठ दिवसांत उगवतं. आणि 15 दिवसांत यातलं काहीच फुलत नाही. अलिसम हे बारीक फुलांचं बुटकं रोप लवकर येतं, त्यालाही सहाएक आठवडे लागतात. बुटका झेंडू 45 ते 60 दिवस घेतो, झिनिया 60 ते 70.

पाकीट आलं की आधी बी पांढऱ्या कागदावर पसरा. झिनियाचं बी चपटं, भाल्याच्या पात्यासारखं असतं. झेंडूचं काळं, काडीसारखं, टोकाला फिकट शेपूट. नखाने दाबून बघा: भरीव बी टणक लागतं, पोचट लगेच दबतं. डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, झिनियात पोचट बी मुळातच बरंच धरतं. चांगला विक्रेता ते पाखडून काढतो, फसवणारा तेच वजनात खपवतो. म्हणून ग्रॅमवर जाऊ नका, दाणे मोजा.

मग त्याच दिवशी 20 दाणे ओल्या टिश्यू पेपरच्या घडीत ठेवा. कागद पिळून घ्या, पाणी साचलं तर बी कुजतं आणि दोष आपल्या माथी येतो. घडी प्लास्टिकच्या पिशवीत सैल बंद करून उबदार जागी ठेवा. तारीख दिसेल असा फोटो पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी काढा. 14 किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. 10 च्या खाली राहिलं तर लगेच तक्रार करा. इथे माती नाही, ऊन नाही, त्यामुळे ती उत्तरं चालत नाहीत. उरलेलं पाकीट जपून ठेवा, सगळं पेरून टाकू नका. चिनी गुलाब (पोर्टुलाका) आणि अलिसमला उगवायला उजेड लागतो, त्यांचे दाणे कागदावर उघडेच ठेवा, नाहीतर चांगलं बीही नापास होईल.

निळ्या किंवा सप्तरंगी गुलाबाच्या बियांना चाचणीचीही गरज नाही. गुलाबात निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानमध्ये 2009 साली विक्रीला आलेला जनुक बदललेला गुलाबही जांभळटच आहे. सप्तरंगी गुलाब तर पांढऱ्या फुलाचा देठ चिरून, रंगीत पाण्यात ठेवून केलेला असतो. असं फूल बियांतून येणं शक्य नाही.

सगळ्यांत उशिरा कळते ती संकरित बियांची फसवणूक. संकरित झाडाचं घरी धरलेलं बी ‘एफ-वन’ (पहिल्या पिढीचं संकरित) म्हणून विकलं तर उगवण उत्तम होते आणि दोन महिन्यांनी उंची, रंग, पाकळ्या सगळं विस्कटलेलं दिसतं. डबल झिनियाच्या खऱ्या पाकिटातही 20 झाडांत दोन-तीन एकेरी फुलांची निघतात, तेवढ्यावरून भांडू नका. अर्धीअधिक एकेरी निघाली तर मात्र पाकिटावरचं वाणाचं नाव, लॉट नंबर आणि विक्रेत्याच्या उगवण-चाचणीची तारीख हाच पुरावा. त्यातलं एकही छापलेलं नसेल तर घेतानाच नकार द्या.